सात नंबरची इमारत

नवऱ्याच्या खोलीत मी सहसा जात नाही. जावंच लागलं तर तोंडाने श्वास घेत जाते आणि बाहेर आल्यावर हात धुते. त्या खोलीला आंघोळीनंतर न वाळवलेल्या टॉवेलचा वास येतो, कारण तो टॉवेल तिथेच खुर्चीच्या पाठीवर असतो. टेबलावर तीन कप. एकात चहाची साय, दुसऱ्यात सायीवर बुरशी, आणि तिसऱ्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही. कीबोर्डच्या बटणांमध्ये बिस्किटांचा चुरा आणि त्या चुऱ्याला मुंग्या. माझी मुलगी, गुंडी, आता रांगते. दिसेल ते तोंडात घालते. म्हणून त्या खोलीला मी बाहेरून कडी लावून घेतली आहे. नवरा आत असला तरी कधीकधी चुकून लावते.

मागच्या आठवड्यात तो न्हाणीघरात घसरला. स्वतःच खाली टाकलेल्या साबणावरून. उजवं मनगट मोडलं. कोपरापासून तळव्यापर्यंत प्लास्टर, बाहेर फक्त बोटांची टोकं आणि अंगठा. ऑफिसला रजा मिळाली, पण त्याला दुःख ऑफिसचं नव्हतंच.

"रविवारी बारा वाजता रूट टाकायचाय," तो म्हणाला. "मी सगळ्यांना शब्द दिलाय."

हा रूट म्हणजे काय ते सांगायला हवं. माझा नवरा विमा कंपनीत कारकून आहे, पण घरी आला की तो इंजिन ड्रायव्हर असतो. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा एक खेळ आहे. त्यात काही लोक नुसती गाडी चालवतात आणि काही लोक स्वतः रेल्वेमार्ग बांधून बाकीच्यांना फुकट वाटतात. त्याने दोन वर्षं खपून चौऱ्याऐंशी किलोमीटरचा, अकरा स्टेशनांचा मार्ग बांधलाय. त्याच्या गटात त्याला इंजिनदादा म्हणतात. घरात त्याच्याकडून बल्ब बदलून घ्यायला मला तीन आठवडे लागतात.

"मग अडचण काय आहे?"

"देखावा फार झालाय. जुन्या कॉम्प्युटरवर गाडी गचके खात चालते. झाडंबिडं काढून रूट मोकळा करायला हवा. डाव्या हाताने मला जमत नाही. तू टिचक्या मारत जा, मी सांगतो."

मी एका अटीवर बसले. आधी स्पिरिट आणि कापूस आणला. माऊस पुसला. कापूस काळा झाला. दुसरा बोळा, तोही काळा. तिसराही काळाच आला तेव्हा तो म्हणाला, "अगं, त्याचा मूळ रंगच काळा आहे." नव्हता. करडा होता.

काम तसं सोपं होतं. पडद्यावर रुळांच्या वरून तरंगत पुढे जायचं. नको त्या वस्तूवर टिचकी मारली की तिच्याभोवती पिवळी चौकट येते. डिलीट दाबलं की वस्तू गायब. मी झाडं काढत सुटले. गुंडी दाराबाहेर सासूबाईंच्या मांडीवर होती आणि दर दोन मिनिटांनी मी मान वळवून ती काय चघळतेय ते बघत होते.

"आई, तिच्या तोंडात काय आहे?"

"जीभ आहे तिची," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझी गाडी चालव."

झाडांच्या मागे त्याने जे काय काय मांडून ठेवलं होतं ते पाहून मला हसावं की उठून जावं कळेना. कचऱ्याचे ढीग. हिरवा तवंग धरलेली डबकी. भिंतींवर पोपडे आणि ओल. दोन रुळांच्या मध्ये फुगलेला, मेलेला उंदीर.

"हा कशाला?"

"खरं वाटायला नको का? इंजिनातून खाली पाहिलं की दिसतो. आणि त्या ढिगावरच्या माशा बघ. हलतात." त्याचा चेहरा उजळला होता. "प्रत्येक माशी मी स्वतः बसवलीय."

शेजारच्या कपात खरी बुरशी वाढत होती आणि हा माणूस दोन वर्षं कॉम्प्युटरमध्ये बुरशी रंगवत बसला होता. मी उंदीर काढला. तो हळहळला. मी माशा काढल्या. तो म्हणाला, "राहू दे गं, दोन तरी."

"हे असं मी इथे काढलं, तर ज्यांनी तुझा रूट आधीच घेतलाय त्यांच्याकडचं काय?"

"ते नवी आवृत्ती उतरवून घेतील. त्या नावाची नवी फाईल आली की जुनी पुसली जाते. मागच्या खेपेला मी रुळांचा रंग बदलला, एका दिवसात सगळ्यांचे रूळ तांबूस झाले." असं म्हणून तो डाव्या हाताने प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवू लागला. मी नजर पडद्यावर ठेवली.

सहाव्या किलोमीटरपाशी झाडांची एक रांग निघाली आणि मागे चार मजली इमारत उघडी पडली. करड्या रंगाची. आधी मला ओळखू आली ती बादली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक लाल बादली होती, कडी तुटलेली, कडीच्या जागी तार वळलेली. ती तार मी वळली होती. बादलीच्या वरच्या दोरीवर लंगोट वाळत होते, निळ्या काठाचे, बारा. मग दोरीखाली उभी असलेली बाई दिसली.

विटका गाऊन. केस सुटलेले, एका बाजूने चप्प झालेले. खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं मूल, त्याची उघडी मान आणि मागचं अर्धं डोकं. आणि गाऊनवर छातीपाशी दोन ओले, गडद डाग.

मला तो दिवस आठवला. गुंडी तीन आठवड्यांची होती. कावीळ उतरावी म्हणून डॉक्टरांनी तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायला सांगितलं होतं. टाके ओढत होते, मी रात्रभर झोपले नव्हते आणि दूध आपोआप पाझरत होतं.

"ही मी आहे?"

तो वाकला. "कुठे? हां. तूच की. आत्ता लक्षात आलं? सात महिने झाले टाकून."

"तू माझा फोटो काढलास?"

"फोटो नाही गं, इमारतीचा पृष्ठभाग आहे तो, भिंतींवर चिकटवायचं चित्र. मोकळ्या गॅलऱ्या मेलेल्या दिसतात. माणूस असलं की जिवंतपणा येतो."

मी गॅलरीवर टिचकी मारली. पिवळी चौकट आली आणि बाजूला माहिती: इमारत ०७. एकूण ठिकाणी: ३१२.

"तीनशे बारा म्हणजे?"

"सात नंबर चांगली जमलीय ना, म्हणून सगळीकडे वापरली."

मी रुळांवरून पुढे सरकले. पुलापाशी मी होते. बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मी. एका वळणावर ओळीने नऊ इमारती, नऊ गॅलऱ्या, नऊ गाऊन, अठरा डाग. चौऱ्याऐंशी किलोमीटर मी गुंडीला खांद्यावर घेऊन पाझरत उभी होते.

आणि त्याला वाटलं, मी खूश होईन. खरंच वाटलं. तो म्हणाला, "थांब, तुला गंमत दाखवतो," आणि त्याने डाव्या हाताने चाचपडत एक व्हिडिओ लावला. कोणीतरी हा मार्ग चालवत होतं. सात नंबरची इमारत आली आणि त्या माणसाने दोनदा लांबलचक हॉर्न वाजवला. पुढची आली, पुन्हा दोनदा. मागून हसण्याचे आवाज.

"रीतच पडलीय आता," नवरा म्हणाला. "गॅलरीवाली दिसली की दोन हॉर्न. जो वाजवणार नाही तो कच्चा ड्रायव्हर. तुझ्यामुळे आपला रूट चालतोय, कळलं का?"

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं होतं. 'बाईंचा एकच गाऊन आहे वाटतं.' 'बाईंची घरं मात्र तीनशे.' 'झोपते कधी ही?' मग एक ओळ होती, 'ती ओली का आहे?' त्याखाली चाळीस उत्तरं. मी तीन वाचली. चौथं वाचलं नाही, कारण तिसऱ्याच्या खाली इंजिनदादाने हसरा चेहरा टाकला होता.

"हे तू टाकलंस?"

"अगं, मुलं आहेत ती. चेष्टा करतात. मी रागावलो असतो तर जास्त चेवाने लिहिलं असतं."

"त्यांना माहितेय ही तुझी बायको आहे?"

"छे! मी काय वेडा आहे का सांगायला?"

म्हणजे सांगण्यासारखं नाही हे त्याला कळत होतं. मी उठले, न्हाणीघरात गेले आणि कोपरापर्यंत हात घासले. साबण घरंगळून खाली पडला. मी तो उचलला नाही. मग गुंडी आठवली आणि उचलला.

स्वयंपाकघरात सासूबाई गुंडीला केळं कुस्करून भरवत होत्या. मी सगळं सांगितलं. डागांचं सांगताना आवाज खाली आला.

"फोटोच आहे ना?" त्या म्हणाल्या. "चेहरा तरी किती दिसत असेल त्यात, बोटाच्या पेराएवढा! तुला ना, बाई, कशाचीही किळस. माझ्या नातीला घ्यायच्या आधी माझे हात धुवायला लावतेस. कपाची किळस, टॉवेलची किळस, आता नवऱ्याच्या खेळाचीही."

"लोक हॉर्न वाजवतात, आई."

"वाजवू देत की. तुला काही ऐकू येतंय का?"

मला स्वतःचाच भरवसा नसतो. बाळंतपणापासून मी दाराची कडी तीनदा बघते, गुंडी झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरते. कदाचित माझंच डोकं ठिकाणावर नसेल. पण संध्याकाळी लंगोट वाळत घालायला गॅलरीत गेले तर खाली रिक्षाचा हॉर्न वाजला आणि मी हातातला लंगोट छातीशी धरून आत पळाले. तेव्हा कळलं की हे माझ्या डोक्यातलं नाही. ते बाहेरून कोणीतरी आत घातलंय.

नवऱ्याला मी सरळ सांगितलं. "रविवारच्या आत मला तिथून काढ."

"सात नंबरला हात लावायचा नाही," तोही सरळ म्हणाला. "झाडं काढ, डबकी काढ, वाटलं तर माशाही काढ. सात नंबर गेली तर रूट बोडका होईल. आणि लोक काय म्हणतील?"

लोक. माझ्या दुधाच्या डागांवर चाळीस उत्तरं लिहिणारे, ते लोक.

शनिवारी सकाळी तो प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेला. तो जिना उतरल्याचा आवाज आला तशी मी खोलीत शिरले. तिन्ही कप उचलून बाहेर ठेवले, टॉवेल चिमटीत धरून बादलीत टाकला, खिडकी उघडली आणि बसले. शून्य किलोमीटरपासून. टिचकी, चौकट, डिलीट. पहिली मी गेले. टिचकी, चौकट, डिलीट. माझ्याबरोबर गुंडी जात होती, बादली जात होती, बारा लंगोट जात होते. प्रत्येक खेपेला तो पिवळा चौकोन आम्हा दोघींभोवती यायचा आणि बोट जरा अडायचं. नुसतं चित्र आहे हे ठाऊक असूनही, डिलीट दाबायच्या आधी मी प्रत्येक वेळी दारातून गुंडीकडे बघत होते.

चौथ्या स्टेशनात फलाटाजवळून जाताना बाकावर कोणीतरी आडवं दिसलं. मी जवळ गेले. आणि हाक मारली, "आई, जरा येता का?"

सासूबाई गुंडीला कडेवर घेऊन आल्या. त्याही या खोलीत नाक मुरडतच शिरतात.

"ही कोण म्हातारी? ई, तोंड बघ कसं वासलंय! दात नाहीत वाटतं..." असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ती माझी शाल आहे."

शाल त्यांचीच होती. दुपारी जेवण झाल्यावर त्या सोफ्यावर लवंडतात, तेव्हाचा फोटो. कवळी काढलेली, ओठ आत गेलेले, हनुवटीवर लाळेची रेघ, पायातली एक चप्पल निसटलेली. त्याने सोफा कापून त्यांना अलगद बाकावर ठेवलं होतं.

"बाकीच्या स्टेशनांवर?" त्यांनी विचारलं.

"अकराही. इथे आकडा दिसतोय."

त्यांनी गुंडीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी काय वाजवतात?"

मी शोधलं. वाजवत काही नव्हते. गाडी थांबवताना इंजिनाचं नाक बरोबर त्या उघड्या तोंडासमोर आणायचं, अशी तिथली पद्धत होती. चुकलं की म्हणायचे, 'आजीने गिळलं नाही.' मी वाचून दाखवलं. खोटं सांगता आलं असतं, पण आदल्या दिवशीचं 'ऐकू येतंय का' मी विसरले नव्हते. वाचून झाल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्यांनी एक हात तोंडावर नेला होता. कवळी आत आहे ना, ते चाचपत असाव्यात.

"काढ," त्या म्हणाल्या. "आधी मला काढ."

मी अकरा स्टेशनं फिरून अकरा आज्या उचलल्या. सासूबाई एक स्टूल ओढून शेजारी बसल्या. बसायच्या आधी त्यांनी पदराने स्टूल पुसलं, पदराला काय लागलं ते पाहिलं आणि "शी!" म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून त्या खोलीबद्दल शी निघाली. मग गुंडीला मांडीवर घेऊन त्या मला वाट दाखवू लागल्या.

"ती बघ, टाकीच्या मागे एक. अगं डावीकडे! गेलीस पुढे. मागे घे, मागे घे."

"आई, ही आगगाडी आहे."

"असू दे. मागे घे."

तो परत आला तेव्हा माझ्या एकशे चाळीस इमारती पडल्या होत्या. निम्म्या मार्गाच्या दोन्ही अंगांना नुसतं सपाट हिरवट मैदान. तो दारात उभा राहिला. प्लास्टरमधून औषधाचा आणि घामाचा आंबूस वास पुढे आला.

"दोघी मिळून!" तो ओरडला. "आई, तू पण? दोन वर्षांचं काम आहे हे माझं!"

"आणि माझं तोंड कोणाचं आहे?" सासूबाई म्हणाल्या. "कवळी काढून ठेवल्यावरच बरी तुला आई सुचली फोटोला?"

"तुला सांगितलं असतं तर तू तोंड मिटलं असतंस!"

ते तो इतकं मनापासून बोलला की त्याचं त्यालाही काही वावगं वाटलं नाही. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. करपलेल्या दुधाच्या भांड्याकडे बघावं तसं.

"सांगितलं असतं," मी म्हणाले, "तर मीही गाऊन बदलला असता."

"तेच तर! मग ते खरं राहिलं असतं का?" तो खुर्चीच्या पाठीला टेकला, टॉवेल नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणखी चिडला. "आणि काढून उपयोग काय? नऊ हजार लोकांकडे जुना रूट आहे. तू इथून इमारत काढलीस तरी त्यांच्या मशीनमध्ये तो फोटो राहणारच. पडूनच राहील तिथे. कोणीही उघडून बघेल."

मी माऊस सोडून दिला. सकाळभर मी स्वतःला मोजून मोजून खाली उतरवत होते आणि नऊ हजार घरांत मी तशीच उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गुंडीने त्यांचा चष्मा ओढून तोंडात घातला आणि या खेपेला मला ते दिसूनही मी काही बोलले नाही.

मग मला तांबूस रूळ आठवले.

"तो फोटो कुठल्या नावाने आहे?"

"कसला?"

"सात नंबरच्या गॅलरीचा. त्याच नावाची दुसरी फाईल नव्या आवृत्तीत घातली, तर सगळ्यांकडची जुनी पुसली जाईल ना? तुझ्या रुळांसारखी?"

तो प्लास्टरच्या कडेचा कापूस उपटू लागला. दोन वर्षांत त्याच्या खोलीत मी विचारलेला पहिलाच प्रश्न त्याला बरोबर वाटला असावा, कारण त्याचं उत्तर द्यायला तो अजिबात तयार नव्हता.

"बोल की," सासूबाई म्हणाल्या.

"जाईल," तो म्हणाला.

मी फाईल उघडली. गॅलरी पूर्ण पडदाभर आली. तिथे काही पेराएवढं नव्हतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावर चिकटलेले केस, गाऊनच्या कडेला निघालेला दोरा, सगळं होतं. पुसायचं तर आधी नीट बघावंच लागत होतं. भिंतीचा करडा रंग घेतला, ब्रश घेतला आणि सर्वांत आधी ते दोन डाग झाकले. मागून सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं तुला, गाऊन बदल म्हणून." मग गुंडीची मान झाकली, दुपटं, माझे केस, शेवटी तोंड. लंगोटही एकेक करून गेले. बादली तेवढी ठेवली. तिच्यावर कोणी काय लिहिणार?

आज्यांच्या फाईलवर मी बाकाच्या फळ्या ओढल्या. ते काम सासूबाईंनी उभ्याने, नाकाला पदर लावून, पूर्ण होईपर्यंत पाहिलं.

रविवारी बारा वाजता रूट नेटवर गेला. सगळ्यांना शब्द दिलेला, म्हणून नवरा फुरंगटलेल्या आवाजात का होईना सांगत होता, मी बटणं दाबत होते. पाडलेल्या एकशे चाळीस परत बांधायला वेळ नव्हता, आणि मी बांधल्याही नसत्या. निम्मा मार्ग ओसाड, निम्म्या मार्गावर बुजवलेल्या गॅलऱ्या आणि प्रत्येकीत एक लाल बादली.

तासाभरात गटात ओरड सुरू झाली. बाई कुठे गेली? आजी मेली का? मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. त्या खोलीतून दोन लांब हॉर्न ऐकू आले. पुन्हा दोन. आणि नवऱ्याचं हसू.

"अगं, ये ना! बघ तर! बादलीला वाजवताहेत!"

मी हात न पुसताच गेले. पडद्यावर करडी भिंत, लाल बादली आणि तिला सलामी दिल्यासारखा हॉर्न. तो हसत होता. सगळं मिटलं होतं त्याच्या दृष्टीने. मला मोठ्या मनाने म्हणाला, "आणि मी तुझी बाजू घेतली बरं का. लिहिलंय त्यांना, बाई आता येणार नाही. पुढच्या रूटला दुसरी माणसं असतील."

"कुठली दुसरी माणसं?"

त्याने उत्तर द्यायच्या आधी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फार नाही, एक क्षणभर. मी सतत पाहणारी बाई आहे, हे तो विसरला.

मी फोन उचलला. तो लॉक होता. नवरा तो उजव्या अंगठ्याने उघडतो.

"अंगठा दे."

"अगं, कामाचा फोन आहे..."

"अंगठा."

दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, गुंडीला घेऊन. त्यांच्याकडे बघून त्याने प्लास्टर पुढे केलं. त्यातून बाहेर आलेला अंगठा सुजलेला, पांढुरका होता. नखाखाली काळी रेघ, वरच्या कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि आत कुजत चालल्यासारखा तो वास. मी तोंडाने श्वास घेतला, अंगठा धरला आणि काचेवर दाबला. चिकट होता. फोन उघडला.

आत फोटोंच्या एका कप्प्याला नाव होतं, 'माणसं'. त्रेचाळीस फोटो. मी गुंडीची शी काढताना. मी डुलक्या घेताना, तोंड उघडं. सासूबाई पायाचं नख कापताना. आणि मग गुंडी. गुंडी रांगताना, वरून, बाजूने, समोरून, तोंडाला केळं फासलेलं. पुन्हा गुंडी. पुन्हा गुंडी. शेवटच्या फोटोत तिच्याभोवती त्याने रेघ ओढून ठेवली होती. कापून घ्यायला सोपं जावं म्हणून.

"रांगणारं बाळ कोणाच्याच रूटवर नाहीये," तो पुटपुटला. "फलाटावर किती छान..."

मी ऐकलं नाही. सगळे निवडले, पुसले. फोनने विचारलं, कायमचे पुसायचे का? आणि पुन्हा अंगठा मागितला. मी मान वर न करता हात पुढे केला. तो देत नव्हता. मग सासूबाईंनी गुंडीला माझ्या कडेवर दिलं, आपल्या मुलाचं ते प्लास्टर दोन्ही हातांनी धरलं आणि अंगठा आणून काचेवर टेकवला.

मग त्या न्हाणीघरात गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. गुंडीला घ्यायच्या आधी हात धुवायला मी त्यांना सांगितलं नव्हतं.